१२० मिनिटांच्या डिस्कवर १६८ मिनिटे : एका प्रकरणाचा अभ्यास

कोऱ्या डीव्हीडीच्या वेष्टनावर ‘४.७ जीबी’ आणि ‘१२० मिनिटे’ हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि कॅसेटची सवय असलेला माणूस त्यांपैकी दुसराच आकडा वाचतो. कॅसेटच्या बाबतीत ते बरोबरही होते. ई-१८० कॅसेटमध्ये नेहमीच्या वेगाने १८० मिनिटे चालेल एवढ्या लांबीची फीत खरोखरच गुंडाळलेली असे. डिस्कवर मात्र मिनिटे नसतातच, असतात ते फक्त बाइट. त्या बाइटांत किती मिनिटे बसवायची हे ध्वनिमुद्रण-चित्रमुद्रण करणाऱ्याने निवडलेल्या बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाच्या मुद्रणाला किती बिट द्यायचे यावर, अवलंबून असते. ही गोष्ट मला सांगता येत होती, पण ती हाताशी येईपर्यंत दोन डिस्क आणि एक रात्र वाया गेली. त्या कामाची ही हकिकत.

काम काय होते

एका नृत्यपथकाच्या रंगमंचीय कार्यक्रमाची व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवायची होती. कॅसेट पाल या टीव्ही-पद्धतीची, एकुलती एक प्रत, आणि तिच्यातील मुद्रण २ तास ४८ मिनिटांचे, म्हणजे १६८ मिनिटांचे होते. पथकातील ज्येष्ठ मंडळींची अट साधी होती : सगळा कार्यक्रम एकाच डिस्कवर हवा, ती कोणत्याही घरगुती डीव्हीडी प्लेअरवर चालावी आणि मध्येच उठून डिस्क बदलावी लागू नये. माझ्याकडे चांगल्या स्थितीतला व्हीसीआर, एक घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर, संगणक आणि एक थर असलेल्या डीव्हीडी-आर डिस्क होत्या.

रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी आणि ईपी असे चार मोड होते. त्यांत अनुक्रमे एक, दोन, चार आणि सहा तास मुद्रण होईल असे माहितीपुस्तिकेत लिहिले होते. हे मोड म्हणजे ठरावीक बिटरेटना दिलेली नावे आहेत, एवढेच. एक्सपीमध्ये यंत्र डीव्हीडी-व्हिडिओच्या मर्यादेच्या जवळ जाते. ती मर्यादा चित्रासाठी ९.८ मेगाबिट प्रतिसेकंद आणि चित्र-ध्वनी-उपशीर्षके मिळून १०.०८ मेगाबिट प्रतिसेकंद अशी आहे, आणि पूर्ण मर्यादेने लिहीत गेले तर डिस्क सुमारे ६२ मिनिटांत भरते. (डीव्हीडीचा १एक्स हा वेग ११.०८ मेगाबिट प्रतिसेकंद आहे, म्हणजे या मर्यादेच्या किंचित वर. साध्या वेगाने फिरणाऱ्या प्लेअरलाही सर्वांत जड चित्र वेळेत वाचता यावे यासाठी. डिस्कवर छापलेल्या ८एक्स किंवा १६एक्सचा मुद्रणाच्या वेळेशी काहीही संबंध नाही. ते फक्त लिहिण्याचे वेग आहेत. तरीही ‘१६एक्सची डिस्क आणा, तीत जास्त बसेल’ हा सल्ला मला याच कामात मिळाला.)

पहिले दोन प्रयत्न

पहिल्यांदा मी एसपी निवडला. १२० मिनिटांचा आकडा सावधगिरीने छापलेला असेल, थोडेफार जास्त बसेलच, अशी अंधूक आशा होती. तिला कोणताही आधार नव्हता. रेकॉर्डर २ तास ३ मिनिटांवर थांबला. पडद्यावर नर्तकी गिरकी घेत होती, तिचा एक हात वर होता, आणि तिथेच डिस्क संपली. राहिलेली ४५ मिनिटे कॅसेटमध्येच राहिली.

हा थांबण्याचा क्षण हिशेबाने आधीच सांगता आला असता. डीव्हीडी-आर डिस्कची नेमकी क्षमता ४७० कोटी ७३ लाख १९ हजार ८०८ बाइट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने) सुमारे ३७,६५९ मेगाबिट असते. त्याला ६० ने भागले की ६२७ हा एक सोयीचा आकडा हाती येतो : ६२७ ला एकूण बिटरेटने भागावे, उत्तर मिनिटांत मिळते. ८ मेगाबिटला ७८ मिनिटे, ५ मेगाबिटला १२५ मिनिटे, २.६ मेगाबिटला २४१ मिनिटे. माझ्या यंत्राने १२३ मिनिटे दिली, म्हणजे त्याचा एसपीचा सरासरी एकूण बिटरेट ५.१ मेगाबिट होता. वेष्टनावरचे ‘१२० मिनिटे’ हा आकडासुद्धा याच भागाकाराचा आहे. तेवढ्या वेळात डिस्क भरते ती साधारण ५.२ मेगाबिटने. उत्पादकाने आपल्या वतीने एक बिटरेट गृहीत धरलेला असतो आणि मिनिटे छापलेली असतात, पण गृहीतक मात्र छापलेले नसते.

दुसऱ्या वेळी एलपी लावला. १६८ मिनिटे सहज बसली, इतर प्लेअरवर चालावी म्हणून डिस्क अखेरची बंदही करून झाली, कामही संपले असे वाटले. सुरुवातीला एकाच दिव्याखाली चाललेले संथ एकल नृत्य पाहून मी समाधानीही होतो. नंतर समूहनृत्य सुरू झाले. फिरते रंगीत दिवे, टिकल्या लावलेले पोशाख, बारा जणींची एकाच वेळी होणारी हालचाल. आणि पडद्यावर चेहऱ्यांच्या जागी चौकोनी ठोकळे. दिवे लखलखले की क्षणभर सगळा रंगमंच फरशीसारखा दिसे आणि नाच थांबला की चेहरे पुन्हा जागेवर येत.

हे ठोकळे कुठून येतात हे समजून घेतल्याशिवाय पुढची वाट दिसत नाही. डीव्हीडीवरचे चित्र एमपेग-२ पद्धतीने संक्षेपित केलेले असते. पाल पद्धतीत पूर्ण फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची, सेकंदाला २५ फ्रेम. ती जशीच्या तशी लिहायची म्हटली तर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट लागतील आणि अख्खी डिस्क पाच मिनिटांत संपेल. चित्र संक्षेपित करणारा एन्कोडर हे ओझे दोन मार्गांनी कमी करतो. एकीकडे तो फ्रेमचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकातील बारीकसारीक तपशील ढोबळ करतो. दुसरीकडे पंधरा फ्रेमपर्यंतच्या एकेका गटातील एकच फ्रेम पूर्ण लिहून बाकीच्या फ्रेममध्ये फक्त ‘आधीच्या चित्रातला हा चौकोन इकडे सरकला’ एवढेच नोंदवतो. संथ नृत्यात ही दुसरी युक्ती उत्तम चालते. लखलखत्या दिव्यांत ती कोसळते, कारण प्रकाश बदलला की पुढच्या फ्रेममधला एकही चौकोन आधीच्या फ्रेममधल्या चौकोनासारखा राहत नाही आणि जवळजवळ सगळेच नव्याने लिहावे लागते. बिट पुरेसे नसतील तर एन्कोडरपुढे एकच उपाय उरतो, तो म्हणजे चौकोनांतील तपशील आणखी ढोबळ करणे. तेच ठोकळे म्हणून दिसतात.

डिस्कवरची फाइल संगणकावर तपासल्यावर आणखी एक गोष्ट कळली. काही रेकॉर्डर एलपीमध्ये चित्राची रुंदी निम्मी, ३५२ पिक्सेल करतात. माझ्या यंत्राने ती ७२०च ठेवली होती. म्हणजे अडीच मेगाबिटांच्या आसपासच्या तुटपुंज्या शिधेवर ते पूर्ण रुंदीचे चित्र पोसत होते. त्यातून विसंगती अशी, की चार तासांच्या मोडमध्ये पावणेतीन तासांचा कार्यक्रम उतरवल्यामुळे जवळजवळ ३० टक्के डिस्क कोरीच राहिली होती. चित्र उपाशी आणि कोठार भरलेले, असा प्रकार होता.

ईपीचा विचार मी सोडून दिला. सहा तासांच्या मोडमध्ये यंत्र ३५२ बाय २८८ वर उतरते. तेथे उंचीही निम्मी होते, त्यामुळे प्रत्येक फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन, अशा सेकंदाला ५० अर्धफ्रेमांनी मिळणारा हालचालीचा सलगपणा जातो. नृत्यासाठी याहून वाईट तडजोड नाही. हवी तेवढी वेळ सांगितली की त्यानुसार बिटरेट ठरवणारा मोड काही रेकॉर्डरमध्ये असतो, तो माझ्याकडे असता तर कदाचित हे प्रकरण येथेच मिटले असते.

संगणकावरचा हिशेब, आणि त्यातली चूक

आता संगणकाकडे वळणे आले. कॅसेट आधी डीव्ही स्वरूपात हार्ड डिस्कवर घेतली. हे स्वरूप सेकंदाला सुमारे ३६ लाख बाइट खाते, त्यामुळे १६८ मिनिटांची फाइल ३६ जीबीच्या पुढे गेली. हा पसारा तात्पुरता होता, पण त्याचा मोठा फायदा असा की कॅसेट पुन्हा पुन्हा चालवून झिजवावी लागत नाही आणि एन्कोडिंगचे प्रयोग हवे तितके करता येतात.

मग भागाकार. १६८ मिनिटे म्हणजे १०,०८० सेकंद. डिस्क ४.७ जीबीची, आणि संगणकातला एक जीबी म्हणजे १०२४ चा तीनदा गुणाकार, असे धरून मी एकूण बिटरेट ४ मेगाबिट काढला, ध्वनीसाठी १९२ किलोबिट बाजूला ठेवले आणि चित्रासाठी ३.८ मेगाबिट देऊन रात्रभर एन्कोडिंग चालू ठेवले. सकाळी तयार झालेली फाइल ५०० कोटी बाइटांच्या वर होती. डिस्क लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरने जागा अपुरी असल्याचे सांगून काम नाकारले.

चूक क्षुल्लक आणि फार जुनी आहे. डिस्क बनवणारे ‘जीबी’ म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. संगणकाची बरीच सॉफ्टवेअर १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे अधिक धरतात. त्यामुळे ४.७ जीबीची तीच डिस्क संगणकावर ४.३८ जीबी दिसते. सुमारे सात टक्क्यांचा हा फरक १६८ मिनिटांच्या मुद्रणात जवळजवळ बारा मिनिटांएवढा होतो, आणि ती बारा मिनिटे नेहमी शेवटचीच असतात. यानंतर मी हिशेबात ‘जीबी’ हा शब्दच वापरणे बंद केले. फक्त बाइट आणि बिट.

नवा हिशेब असा मांडला. ३७,६५९ मेगाबिटांतून तीन टक्के राखून ठेवले. चित्र आणि ध्वनी एकत्र गुंफताना २०४८ बाइटांच्या प्रत्येक तुकड्याला लागणारी शीर्षके, पुढे-मागे जाण्यासाठी दर अर्ध्या-पाऊण सेकंदाला घातले जाणारे मार्गदर्शक तुकडे आणि मेनू यांची जागा त्यातून निघते. उरलेले ३६,५२९ मेगाबिट १०,०८० सेकंदांत वाटले की सेकंदाला ३.६२ मेगाबिट येतात. हा आकडा नक्की झाल्यावर ‘किती मिनिटे बसतील’ हा प्रश्न संपला, आणि या ३.६२ मेगाबिटांचे काय करायचे हा खरा प्रश्न समोर आला.

त्याच बिटांचे काय करावे

ध्वनीचा निर्णय लगेच झाला. असंक्षेपित दुहेरी ध्वनी ठेवला तर तो एकटाच सेकंदाला १५३६ किलोबिट घेतो, म्हणजे शिधेचा पाचांपैकी दोन भागांहून मोठा वाटा, आणि चित्राला जेमतेम दोन मेगाबिट उरतात. जुन्या कॅसेटवरील सभागृहाच्या आवाजासाठी एसी-३ या संक्षेपित स्वरूपातील १९२ किलोबिट पुरेसे होते. चित्रासाठी ३.४ मेगाबिट राहिले.

३.४ मेगाबिट पूर्ण रुंदीच्या चित्राला द्यावेत की निम्म्या, हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरला. ‘रुंदी निम्मी’ म्हटले की कुणालाही ती हानीच वाटते, मलाही वाटली होती. परंतु व्हीएचएसवर मुळात किती तपशील असतो हे पाहावे लागते. तिची आडवी सूक्ष्मता साधारण २४० रेषांची, प्रकाशमानतेच्या संकेताचा वारंवारता-पट्टा सुमारे ३ मेगाहर्ट्झचा. पाल पद्धतीच्या एका ओळीत चित्राला मिळणाऱ्या ५२ मायक्रोसेकंदांत ३५२ नमुने घेतले तर सुमारे ३.४ मेगाहर्ट्झपर्यंतचा तपशील टिपता येतो. म्हणजे कॅसेटवर जे आहे ते सगळे ३५२ पिक्सेलांत मावते. ७२० पिक्सेलांत ते घातले तर वाढतो तो तपशील नव्हे, तर चित्रातला गोंगाट, म्हणजे फितीवरचे निरर्थक ठिपके. पूर्ण रुंदीत ३.४ मेगाबिट वाटले तर दर पिक्सेलला ०.३३ बिट येतो. ३५२ बाय ५७६ मध्ये तोच वाटा ०.६७ होतो. पहिल्या प्रयत्नातील एसपीमध्येही हा वाटा ०.५ च्या आतच होता. उंची पूर्ण ५७६ ठेवल्याने हालचालीच्या अर्धफ्रेमाही शाबूत राहतात, आणि हे माप डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत बसणारे असल्याने कोणताही प्लेअर ते रुंदी भरून दाखवतो. करताना एकच काळजी घ्यावी लागते : ७२० पिक्सेल थेट ३५२ वर आणायचे नाहीत, आधी दोन्ही कडांचे आठ-आठ पिक्सेल कापून ७०४ करायचे आणि मग निम्मे करायचे, नाहीतर माणसे किंचित बारीक दिसू लागतात.

गोंगाटाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण बिट गिळण्यात त्याच्याइतका तरबेज दुसरा कुणी नाही. जुन्या फितीवरील हिमासारखे बारीक ठिपके, म्हणजे हे हिम, प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी पडते. पाहणाऱ्याचा डोळा ते सहज विसरतो, एन्कोडर विसरत नाही. त्याच्या लेखी तो नवा तपशील असतो आणि तो इमानेइतबारे लिहून ठेवतो. मी हलकी गोंगाट-गाळणी लावली. जास्त लावली असती तर टिकल्यांची चमकही हिमाबरोबर गेली असती, आणि एका चाचणीत ती गेलीही होती. फ्रेमच्या अगदी तळाशी, व्हीसीआरचे हेड बदलताना उठणारी फाटकी, वळवळणारी पट्टी होती. बहुतेक टीव्ही कडा झाकत असल्याने ती पडद्यावर दिसत नाही, पण बिट मात्र खाते. तळाच्या १६ ओळी काळ्या केल्या. सोळाच, कारण एन्कोडर हालचालीचा हिशेब १६ बाय १६ च्या चौकोनांत ठेवतो. बारा ओळी काळ्या केल्या असत्या तर एकाच चौकोनात अर्धा काळोख आणि अर्धे चित्र आले असते, आणि त्या धारदार सीमेवरच बिट खर्ची पडले असते.

शेवटचा निर्णय वाटपाचा. बिटरेट स्थिर ठेवला तर निवेदकाच्या स्तब्ध चेहऱ्यालाही ३.४ मेगाबिट मिळतात आणि समूहनृत्यालाही तेवढेच. म्हणून सरासरी ३.४ आणि कमाल ७.५ मेगाबिट ठेवून दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग केले. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कोणता भाग किती अवघड आहे याची नोंद घेते, दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटते. कार्यक्रमातील समूहनृत्ये मिळून साधारण ४० मिनिटांची होती. त्यांना ५.५ मेगाबिटच्या सरासरीने दिले तरी उरलेल्या १२८ मिनिटांना २.७ मेगाबिट राहतात, आणि निवेदन, पडदा पडलेला असतानाचे संगीत, संथ एकल नृत्ये यांना निम्म्या रुंदीत तेवढे पुरून उरतात. रेकॉर्डरला हे जमत नाही असे नाही. तोही बिटरेट कमी-जास्त करत असतो. पण तो चित्र येईल तसे लिहीत जातो, पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक नसते, त्यामुळे तो हात राखूनच खर्च करतो. कमाल ९.८ पर्यंत न नेता ७.५ वर रोखली, कारण घरी लिहिलेल्या डिस्क वाचताना जुने प्लेअर अशाच चढावांवर अडखळतात.

तयार फाइल ४५९ कोटी बाइटांच्या आसपास आली, म्हणजे क्षमतेपेक्षा सुमारे ११ कोटी बाइट कमी. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि हाताळताना बोटे बाहेरच्या कडेलाच लागतात. ती चिंचोळी कड मोकळी राहिली याचे मला वाईट वाटले नाही. समूहनृत्यात दिवे लखलखताना थांबवून पाहिले तर थोडी ढोबळता अजूनही सापडते. चालत्या चित्रात चेहरे शाबूत राहतात, आणि गिरकी घेणारी नर्तकी आपली गिरकी पूर्ण करते.

नाकारलेले पर्याय

दोन थरांची डिस्क घेतली असती तर ८५४ कोटी बाइट मिळाले असते आणि एकूण ६.६ मेगाबिटपर्यंत जाता आले असते. पण व्हीएचएसच्या चित्राला एवढ्या बिटांची गरज नव्हती, आणि दोन थरांच्या लिहिलेल्या डिस्क जुन्या प्लेअरना नेहमी पचतात असे नाही. मध्यंतरापाशी कापून दोन डिस्क करणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत निर्धास्त मार्ग होता, आणि अट नसती तर मी तोच घेतला असता. अधिक प्रगत संक्षेपणाची फाइल डेटा डिस्कवर टाकली असती तर निम्म्याच्या आसपास बिटांत तोच दर्जा मिळाला असता, पण ती साध्या प्लेअरवर चालली नसती. ब्लू-रेची पंचवीस जीबीची डिस्क याच ३.६२ मेगाबिटने पंधरा तासांहून अधिक चालेल. तिथेही भागाकार हाच, फक्त वरचा आकडा मोठा.

त्याच पथकाची दुसरी कॅसेट पुढच्या आठवड्यात आली, ९४ मिनिटांची. हिशेबाने तिच्यासाठी सेकंदाला जवळजवळ साडेसहा मेगाबिट उपलब्ध होते, आणि ‘जागा आहे तर सगळी वापरा’ असा आग्रहही झाला. मी निम्म्या रुंदीत ४ मेगाबिटवर थांबलो. त्यापुढे वाढवून पाहिलेल्या चाचणीत हिम अधिक नेटके दिसत होते, नर्तकी तेवढीच. त्या डिस्कचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कोराच आहे.